शरीरातली प्रतिकारशक्ती स्कॅनवर पाहता येते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इम्युनोथेरपी (शरीराचीच प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध वापरणारा उपचार) सुरू असलेले रुग्ण, त्यांच्या घरची माणसं आणि न्यूक्लिअर मेडिसिन शिकणारे विद्यार्थी यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत, कारण तिथे घाईघाईत सांगितलं की गैरसमज होतो आणि त्याचा त्रास रुग्णालाच भोगावा लागतो. तुमच्यासाठी कोणता स्कॅन योग्य, हे मात्र तुमचा आजार जाणणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

प्रोब म्हणजे नेमकं काय?

प्रोब हा दोन कामं करणारा रेणू असतो. त्याचा एक भाग शरीरातली ठरावीक गोष्ट ओळखतो. ती पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन असेल, पेशीने बाहेर सोडलेलं एन्झाइम असेल, नाहीतर पेशी खात असलेली साखर असेल. दुसरा भाग बाहेरच्या कॅमेऱ्याला दिसतो. पेट (PET) स्कॅनमध्ये हा दुसरा भाग म्हणजे पॉझिट्रॉन सोडणारा अणू. पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भिडला की दोघंही नाहीसे होतात आणि ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन किरण विरुद्ध दिशांना निघतात. स्कॅनरचं गोल कडं ही जोडी एकाच क्षणी टिपतं आणि ती कुठून निघाली ते शोधतं. असे लाखो क्षण जमले की चित्र तयार होतं.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: प्रोब ज्या गोष्टीसाठी घडवलेला असतो तेवढंच तो सांगतो. साखर खाणाऱ्या पेशी दाखवणारा प्रोब ‘ही पेशी कोणाची’ हे सांगत नाही. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

रक्त तपासून किंवा बायोप्सी करून भागत नाही का?

बऱ्याचदा भागतं, आणि जिथे भागतं तिथे स्कॅन करू नये. पण दोन्हींना मर्यादा आहेत. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइट (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या) पेशींपैकी साधारण २ टक्केच कोणत्याही क्षणी रक्तात फिरत असतात. बाकीच्या प्लीहा, लिम्फ नोड, अस्थिमज्जा आणि आतड्याच्या भिंतीत असतात. म्हणजे रक्ताच्या नळीत येतो तो वाटेवरचा प्रवासी. खरी लढाई कुठे चालली आहे ते त्यातून कळतंच असं नाही.

बायोप्सी थेट जागेवर जाते, पण एकाच जागेवर. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच आधणात शिजलेला असतो. कर्करोगाच्या गाठींचं तसं नाही. यकृतातली गाठ टी पेशींनी (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींनी) भरलेली आणि फुप्फुसातली पार कोरडी, असं एकाच माणसात आढळतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथल्या डॉक्टरांनी ३८ कर्करुग्णांमध्ये सीडी-८ (मारक) टी पेशी पेट स्कॅनने पाहिल्या आणि तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णारुग्णांत फरक असणार हे अपेक्षितच होतं. पण एकाच रुग्णाच्या वेगवेगळ्या गाठींमध्येही मोठा फरक दिसला. सुई कोणत्या गाठीत घातली यावर अहवाल अवलंबून असेल, तर त्या अहवालावर किती भरवसा ठेवायचा?

शिवाय बायोप्सी दर पंधरा दिवसांनी करता येत नाही. प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद मात्र दिवसागणिक बदलत असतो.

नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये प्रतिकारशक्ती दिसत नाही का?

दिसते, आणि पुष्कळदा नको तेव्हा दिसते. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये एफडीजी वापरतात. ही फ्लोरिन-१८ जोडलेली ग्लुकोजसारखी साखर. कर्करोगाच्या पेशी ती भरपूर खातात, म्हणून गाठ उजळते. पण जाग्या झालेल्या टी पेशी आणि जंतू नि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशीही तितक्याच हावरटपणे ग्लुकोज खातात. एफडीजीला दोन्ही सारख्याच.

याचं उदाहरण २०२१ मध्ये जगभरच्या पेट विभागांनी पाहिलं. कोविडची लस घेतलेल्या लोकांच्या काखेतले लिम्फ नोड स्कॅनवर उजळू लागले, तेही ज्या दंडात लस दिली त्याच बाजूचे. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या त्याच बाजूच्या काखेत असा उजेड दिसला की घरच्यांच्या पोटात गोळाच यायचा. तिथे कर्करोग नव्हता, लसीने जाग्या केलेल्या पेशी होत्या. तेव्हापासून स्कॅनच्या फॉर्मवर ‘लस कधी घेतली, कोणत्या हातात’ हे विचारतात. हे खरं सांगा. घाई नसेल तर लसीनंतर चार ते सहा आठवडे थांबून स्कॅन करतात.

आपल्याकडे यापेक्षा मोठा पेच आहे तो क्षयाचा. क्षयाच्या गाठींत मॅक्रोफेज ठासून भरलेले असतात. त्या एफडीजीवर इतक्या उजळतात की निव्वळ चित्रावरून त्या लिम्फोमाच्या (लिम्फ पेशींच्या कर्करोगाच्या) आहेत की क्षयाच्या, हे खात्रीने सांगता येत नाही. युरोप-अमेरिकेत लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात छातीतला उजळ लिम्फ नोड पाहून आधी जे मनात येतं, तेच मुंबईत किंवा अमरावतीत आधी मनात आणणं चुकीचं ठरू शकतं. म्हणून ‘पेटमध्ये लागलं’ एवढ्यावर कोणी कर्करोगाचं निदान सांगत असेल तर ‘त्या गाठीचा तुकडा तपासला का?’ असं विचारायला अजिबात कचरू नका.

एफडीजीचा हाच गुण काही आजारांत कामाला येतो. कारण न सापडणारा ताप, मोठ्या रक्तवाहिन्यांना आलेली सूज, हृदयातला सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार), कृत्रिम झडपेवरचा जंतुसंसर्ग यांत डॉक्टर नेमका हाच उजेड शोधत असतात.

इम्युनोथेरपीनंतर गाठ मोठी दिसली. उपचार फसला का?

लगेच तसं धरू नका, आणि लगेच निर्धास्तही होऊ नका.

इम्युनोथेरपीतली चेकपॉइंट औषधं टी पेशींवरचा ब्रेक काढतात. हा ब्रेक शोधल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ब्रेक सुटला की टी पेशी गाठीत घुसतात, तिथे सूज येते आणि गाठ काही काळ फुगते. सीटीवर ती मोठी दिसते आणि एफडीजीवर जास्त उजळते. याला खोटी वाढ म्हणतात. २०१७ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार पहिली वाढ दिसल्यावर, रुग्णाची तब्येत बरी असेल तर, चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करतात.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. बहुतेक कर्करोगांत अशी खोटी वाढ दहातल्या एकाहूनही कमी रुग्णांत होते. बाकीच्यांत वाढ ही खरीच वाढ असते. ‘ही तर औषधाची सूज आहे’ असं म्हणत महिनेच्या महिने काढले, तर दुसऱ्या उपचाराची वेळ निघून जाते. नव्या प्रोबची सगळ्यात जास्त गरज इथेच आहे. फुगलेल्या गाठीत कर्करोगाच्या पेशी वाढल्या की टी पेशी शिरल्या, हे आठ आठवडे न थांबता कळलं पाहिजे.

‘पांढऱ्या पेशींचा स्कॅन’ म्हणजे काय?

प्रतिकारशक्ती पाहण्याची ही जुनी आणि आजही भरवशाची पद्धत आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये मॅथ्यू ठाकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना इंडियम-१११ लावून त्या परत शरीरात सोडल्या. पुढे त्याच कामासाठी टेक्निशियम-९९एम वापरात आलं. ते स्वस्त आहे, त्याचं अर्धायुष्य (अर्धे अणू विरायला लागणारा वेळ) सहा तासांचं आहे आणि चित्रही जास्त स्पष्ट येतं.

लोकांना वाटतं, एक इंजेक्शन दिलं की झालं. प्रत्यक्षात त्या इंजेक्शनच्या आधी हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करायच्या खोलीत, दोन-तीन तासांचं नाजूक काम असतं. रुग्णाचं ४० ते ५० मिलिलिटर रक्त मोठ्या सिरिंजमध्ये घेतात, त्यात गोठू न देणारं द्रावण आधीच भरलेलं असतं. त्यात हेटास्टार्च मिसळून सिरिंज उभी ठेवतात. पाऊण-एक तासात लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर, किंचित गढूळ थर राहतो. पांढऱ्या पेशी त्यात असतात. तो थर अलगद काढून सेंट्रिफ्यूजवर हळू वेगाने फिरवतात. वेग वाढवला तर प्लेटलेटही खाली येतात आणि पेशी दुखावतात. तळाशी जमलेल्या पेशी ट्यूब जोरात न हलवता हलक्या हाताने सुट्या करायच्या. मग त्यात टेक्निशियम जोडलेलं एचएमपीएओ घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवतात. हा रेणू पेशीच्या आत शिरतो आणि आतच अडकतो. न चिकटलेला भाग रुग्णाच्याच प्लाझ्माने धुऊन काढतात आणि पेशी जाड सुईने परत शिरेत देतात, कारण बारीक सुईतून जाताना त्या फुटू शकतात. एका टेबलावर एका वेळी एकाच रुग्णाचं रक्त, प्रत्येक ट्यूबवर नाव आणि नंबर, आणि परत देताना दोघांनी मिळून खात्री करायची. इथे अदलाबदल झाली तर दुसऱ्याचं रक्त दिल्यासारखं होतं. म्हणून या नियमात कधीच सूट नसते.

त्यानंतर साधारण तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी चित्रं घेतात. पेशी धडधाकट असतील तर त्या फुप्फुसातून लवकर निघतात आणि प्लीहा यकृतापेक्षा उजळ दिसते. फुप्फुसं उजळच राहिली तर समजायचं की लॅबमध्ये पेशी दुखावल्या आहेत, आणि त्या चित्रावर निदान करायचं नाही. बदललेल्या खुब्याच्या सांध्याभोवती चार तासांना दिसलेला उजेड चोविसाव्या तासाला वाढला असेल, तर जंतुसंसर्गाचा संशय बळावतो. तेवढाच राहिला किंवा कमी झाला, तर तो अस्थिमज्जेचाही असू शकतो.

या स्कॅनमध्ये क्षय दिसेल का?

बहुधा नाही. अणू लावलेल्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल (जंतूंवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त असतात आणि क्षयाच्या गाठीत ते फारसे जात नाहीत. मणक्याच्या जंतुसंसर्गातही हा स्कॅन कच्चा पडतो, तिथे एमआरआय किंवा एफडीजी बरं.

टी पेशी थेट दाखवणारा प्रोब आहे का?

आहे. यात आज सर्वांत पुढे आहे तो सीडी-८ प्रोब.

सीडी-८ हे प्रथिन प्रामुख्याने मारक टी पेशींच्या पृष्ठभागावर असतं. त्याला चिकटणारी अँटिबॉडी घेऊन तिला किरणोत्सारी अणू जोडला की काम झालं, असं वाटेल. पण अख्खी अँटिबॉडी साधारण १५० किलोडाल्टनची (हे रेणूचं वजन मोजायचं एकक). ती रक्तात कित्येक दिवस रेंगाळते, त्यामुळे रक्तच उजळ दिसतं आणि गाठ त्यात हरवते. शिवाय तिचं शेपूट इतर प्रतिकारपेशींना चेतवू शकतं. मोजायला गेलो आणि मोजायची गोष्टच बदलून बसलो, असं व्हायचं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत ॲना वू यांच्या गटाने अँटिबॉडीचा अनावश्यक भाग कापून मिनिबॉडी घडवली. ती साधारण ८० किलोडाल्टनची असते. ती लवकर रक्तातून निघते आणि टी पेशींना डिवचत नाही. तिला झिर्कोनियम-८९ जोडून न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये नीता पंडित-टास्कर आणि सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णांत वापरली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पहिल्या अहवालात सहाच रुग्ण होते. जिथे सीडी-८ पेशी असायला हव्यात तिथे, म्हणजे प्लीहा, अस्थिमज्जा आणि लिम्फ नोडमध्ये प्रोब पोचला. काही गाठींमध्येही दिसला. त्यानंतर अनेक केंद्रांत मोठ्या चाचण्या झाल्या.

याहून लहान प्रोबही आहेत. १९९३ मध्ये ब्रसेल्समधल्या संशोधकांनी उंटाच्या रक्तात एक वेगळीच अँटिबॉडी आढळल्याचं प्रसिद्ध केलं. नेहमीच्या अँटिबॉडीतला ‘हलकी साखळी’ हा भागच तिच्यात नसतो. तिचा टोकाचा तुकडा जेमतेम १५ किलोडाल्टनचा, आणि तरीही घट्ट चिकटणारा. त्यालाच नॅनोबॉडी म्हणतात. हे तुकडे तासा-दोन तासांत जागेवर पोचतात, त्यामुळे कमी आयुष्याचे अणू वापरता येतात आणि इंजेक्शन नि स्कॅन एकाच दिवशी उरकतं.

अडचणी उरतातच. निरोगी लिम्फ नोडमध्येही सीडी-८ पेशी असतात, तेव्हा लिम्फ नोडमध्ये पसरलेल्या कर्करोगाबद्दल या स्कॅनवरून बोलताना जपून राहावं लागतं. पेट स्कॅनरला पाच मिलिमीटरच्या आतलं नीट दिसत नाही. म्हणून ‘टी पेशी गाठीच्या कडेला थांबल्यात की आत शिरल्यात’ हा महत्त्वाचा प्रश्न लहान गाठींत अनुत्तरितच राहतो.

झिर्कोनियमच का?

प्रोबला जागेवर पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ अणूही टिकला पाहिजे. गॅलियम-६८ चं अर्धायुष्य ६८ मिनिटं, फ्लोरिन-१८ चं ११० मिनिटं, झिर्कोनियम-८९ चं ७८ तास. अँटिबॉडीला दिवस लागतात, म्हणून झिर्कोनियम. छोट्या पेप्टाइडला (प्रथिनाच्या लहानशा तुकड्याला) गॅलियम पुरतं.

झिर्कोनियम अँटिबॉडीला धरून ठेवण्यासाठी डेसफेरॉक्सामिन वापरतात. थॅलेसेमियाचं मूल असलेल्या घरांत हे नाव ओळखीचं असेल. अंगात साठलेलं लोह काढणारं तेच औषध इथे झिर्कोनियमची पकड म्हणून कामाला लावलं आहे. ही पकड कायमची पक्की नसते. सुटलेलं झिर्कोनियम हाडांत जाऊन बसतं, म्हणून कित्येक दिवसांनी घेतलेल्या चित्रात हाड उजळ दिसलं तर तो आजार आहे की सुटा अणू, याचा विचार करावा लागतो.

पेशी दिसली म्हणजे ती काम करते आहे असं समजायचं का?

नाही. गाठीत शिरलेल्या टी पेशी बऱ्याचदा थकून निष्क्रिय झालेल्या असतात. सीडी-८ प्रोबला थकलेली आणि लढणारी पेशी सारखीच दिसते.

म्हणून काही गट पेशीऐवजी तिचं हत्यार शोधतात. मारक टी पेशी लक्ष्यावर ग्रँझाइम-बी नावाचं एन्झाइम सोडते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या उमर महमूद यांच्या गटाने ग्रँझाइम-बीला चिकटणारं लहान पेप्टाइड बनवलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात उपचाराला दाद देणाऱ्या उंदरांच्या गाठी गाठ आकसण्याआधीच उजळल्या. माणसांतल्या सुरुवातीच्या चाचण्याही झाल्या आहेत. मला स्वतःला या वाटेबद्दल सगळ्यात जास्त आशा वाटते, कारण रुग्णाचा खरा प्रश्न ‘पेशी आल्या का’ हा नसून ‘मारतायत का’ हा आहे.

दुसरी वाट स्टॅनफर्डमध्ये सुरू झाली. तिथे सॅम गंभीर यांच्या गटाने फ्लोरिन-१८ लावलेला अराजी हा प्रोब विकसित केला. चेतवलेल्या टी पेशी डीएनएचा कच्चा माल भराभर आत घेतात, त्याचा हा फायदा घेतो.

पीडी-एल१ चा स्कॅन बायोप्सीची जागा घेईल का?

आज नाही. पीडी-एल१ हे टी पेशींवरचा ब्रेक दाबणारं, गाठीतल्या पेशींवरचं प्रथिन. ग्रोनिंगेनच्याच गटाने २०१८ मध्ये दाखवलेली गोष्ट विचार करायला लावणारी आहे. पीडी-एल१ ला चिकटणाऱ्या अटेझोलिझुमॅब या औषधालाच झिर्कोनियम लावून त्यांनी उपचाराआधी २२ रुग्णांचे स्कॅन केले. ज्यांच्या गाठींत ते जास्त साठलं त्यांना औषध जास्त लागू पडलं. बायोप्सीच्या रंगवलेल्या काचपट्टीपेक्षा हा अंदाज सरस ठरला. २२ हा आकडा लहान आहे, त्यावर नियम बांधता येत नाही.

कार-टी उपचारानंतर त्या पेशी कुठे गेल्या ते दिसतं का?

कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी पेशींत कर्करोग ओळखणारं ‘कार’ हे प्रथिन बसवून त्या परत शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाल्यापासून हा प्रश्न मराठी घरांतूनही येऊ लागला आहे. सरळ उत्तर असं की नेहमीच्या उपचारात त्या पेशी स्कॅनवर दिसत नाहीत. त्या किती वाढल्या ते रक्त तपासून पाहतात. पुढे जो पेट स्कॅन होतो तो लिम्फोमा किती उरला हे पाहण्यासाठी असतो.

संशोधनात मात्र दोन मार्ग आहेत. पहिला, पेशी शरीरात सोडण्याआधी त्यांना अणू लावायचा, पांढऱ्या पेशींच्या स्कॅनसारखाच. पण कार-टी पेशी विभागत जातात आणि प्रत्येक विभाजनाला ती खूण निम्मी होते. पेशी मेली तर मॅक्रोफेज तिला गिळतो आणि खूण त्याच्याकडे जाते. मग चित्रात जिवंत टी पेशी आहे की पोट भरलेला मॅक्रोफेज, हे कळत नाही.

दुसरा मार्ग जास्त हुशारीचा आहे. पेशीत कार बसवतानाच नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूचं एक जनुक बसवायचं. त्या जनुकाचं एन्झाइम एका ठरावीक प्रोबला पेशीत अडकवून ठेवतं. जनुक मुलीपेशींतही उतरतं, त्यामुळे हवं तेव्हा प्रोब देऊन पुन्हा पाहता येतं, आणि मेलेली पेशी आपोआप चित्रातून गायब होते. ग्लायोमा या मेंदूतल्या कर्करोगाच्या सात रुग्णांमध्ये हे करून पाहिल्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. आणखी एक फायदा म्हणजे पेशींनी उच्छाद मांडला तर गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध देऊन त्याच एन्झाइमच्या मदतीने त्यांना मारता येतं. तोटा हा की हे प्रथिन विषाणूचं आहे, त्यामुळे रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्ती या पेशींवरच उठू शकते.

किरणोत्सार नको असेल तर?

एमआरआयवर दिसणारे लोहाचे सूक्ष्म कण पेशींना खाऊ घालता येतात. नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या डॉक्टरांनी मेलेनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) आठ रुग्णांना लस म्हणून डेंड्रिटिक पेशी (टी पेशींना शत्रू ओळखून देणाऱ्या पेशी) लिम्फ नोडमध्ये टोचल्या. त्या अल्ट्रासाउंडवर बघत टोचल्या होत्या आणि पेशींत लोह भरलेलं होतं. एमआरआयमध्ये दिसलं की आठपैकी चारच रुग्णांत पेशी नेमक्या नोडमध्ये पडल्या होत्या. बाकीच्यांत शेजारच्या चरबीत. हा अहवाल २००५ मध्ये आला. चित्र काढलं नसतं तर ‘लस निरुपयोगी’ असा निष्कर्ष निघाला असता, आणि दोष लसीचा नव्हता. प्रतिकारशक्ती डोळ्यांनी पाहायचा आग्रह का धरायचा, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

काजव्याच्या जनुकाने पेशी चमकवण्याची पद्धतही आहे, पण तो उजेड उंदराच्या कातडीतून बाहेर येतो, माणसाच्या पोटातून नाही.

मेंदूतली सूज दाखवणारा प्रोब आहे का?

टीएसपीओ नावाच्या प्रथिनाला चिकटणारे प्रोब चेतलेल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या प्रतिकारपेशी, दाखवतात. पण यातले बरेच नवे प्रोब एका जनुकीय फरकामुळे काही माणसांत घट्ट आणि काहींत सैल चिकटतात. आधी जनुक तपासल्याशिवाय दोन माणसांची तुलना करता येत नाही.

किरणोत्साराचा धोका किती?

कारण पक्कं असेल तर एक स्कॅन घाबरण्यासारखा नाही. गरोदर असाल, तशी शक्यता असेल किंवा अंगावर पाजत असाल तर आधीच सांगा. स्कॅनच्या दिवशी तान्ह्या बाळाला फार वेळ मांडीवर घेऊ नका, पाणी भरपूर प्या. झिर्कोनियमच्या स्कॅनमध्ये मात्रा एफडीजीपेक्षा जास्त असते, म्हणून तो वारंवार करत नाहीत. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठाने घडवलेल्या १९४ सेंटिमीटर लांबीच्या, अख्खं शरीर एकदम पाहणाऱ्या स्कॅनरने २०१८ मध्ये माणसांची पहिली चित्रं काढली. अशा यंत्रांत कमी मात्रेत भागतं.

स्कॅनच्या आधी काय खायचं, काय नाही?

एफडीजीसाठी चार ते सहा तास उपाशी, फक्त साधं पाणी. आदल्या दिवशी जिम, धावणं, जड कामं नकोत, नाहीतर स्नायूच उजळतात. मधुमेहाची औषधं स्वतःहून बंद करू नका, पण मेटफॉर्मिन घेत असाल तर विभागाला सांगा. तिच्यामुळे आतडी उजळतात आणि इम्युनोथेरपीने आतड्याला सूज आली आहे का, हे ओळखणं अवघड होतं.

हृदयाच्या सारकॉइडोसिससाठीचा स्कॅन असेल तर पथ्य उलटं असतं. हृदयाने साखर सोडून चरबी जाळावी म्हणून आदल्या दिवशी पोळी, भाकरी, भात, डाळ, बटाटा, फळं, दूध, साखरेचा चहा सगळं बंद. अंडी, पनीर, तूप, मटण-मासे चालतात. शाकाहारी घरांत हे जड जातं, आणि ‘दोन घास वरण-भात दिला, उपाशी कसं ठेवायचं’ असं आई-आजी म्हणतात. त्या दोन घासांनी हृदयाचा सगळा स्नायू उजळतो आणि स्कॅन वाया जातो. पथ्याचा कागद स्वयंपाक करणाऱ्याच्या हातात द्या.

हे स्कॅन महाराष्ट्रात होतात का?

एफडीजी पेट मुंबई, पुणे, नागपूर, नाशिकसह अनेक शहरांत होतो. भारतातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन (किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र) आणि पेट स्कॅनर २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. सायक्लोट्रॉन नसलेल्या गावी एफडीजी गाडीने येतं, आणि चार तासांच्या प्रवासात निघालेल्यातलं जेमतेम २२ टक्के उरतं. म्हणूनच सकाळी ठरलेल्या वेळेला पोचा असं बजावतात. उशीर झाला तर तुमच्या वाट्याचा डोस विरून गेलेला असतो. पांढऱ्या पेशींचा स्कॅन मोजक्याच ठिकाणी होतो, कारण त्याला तशी लॅब आणि तयार हात लागतात.

सीडी-८, ग्रँझाइम-बी, पीडी-एल१ हे प्रोब जगभर अजून चाचण्यांमध्येच आहेत. ‘परदेशातला इम्युन स्कॅन करून देतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

ते लवकर यावेत असं मात्र मनापासून वाटतं. टाटा मेमोरियलमध्ये तोंड-घशाच्या कर्करोगात निव्होलुमॅब या चेकपॉइंट औषधाची फक्त २० मिलिग्रॅम मात्रा दर तीन आठवड्यांनी, तोंडाने घ्यायच्या केमोसोबत देऊन पाहिली. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. नेहमीची मात्रा असते २४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी, आणि ती फार थोड्यांना परवडते. शंभरातल्या त्या ४३ जणांत आपण असू की उरलेल्या ५७ जणांत, हे दुसऱ्या डोसच्या आतच कळलं, तर घर-शेत गहाण टाकण्याआधी माणसाला निर्णय घेता येईल.

अशा चाचणीत भाग घ्यायचा असेल तर?

भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदणीत असतात. तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टला तिथे पाहायला सांगा. संमतीपत्र मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या: या स्कॅनच्या निकालावर माझा उपचार बदलणार आहे की फक्त माहिती जमवली जाणार आहे, एकूण किती किरणोत्सार होईल, आणि मध्येच नको म्हटलं तर माझा नेहमीचा उपचार तसाच सुरू राहील ना. संशोधनासाठी केलेल्या तपासणीचा खर्च रुग्णाकडून घेऊ नये, असं आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कोणी तो मागितला तर नैतिकता समितीला फोन करा. तिचा नंबर संमतीपत्रावर छापलेला असतो.